पाहणे आणि हसणे यांच्यामध्ये

नारायणगावात सकाळी पेपर कसा वाचला जातो, ते कधी थोडा वेळ उभे राहून पाहावे. पेपर एक, वाचणारे चार-पाच. पुण्याहून अंधारात निघालेले गठ्ठे उजाडता उजाडता इथे उतरलेले असतात. चहाच्या टपरीवर पाने वाटली जातात. एकाकडे पहिले पान, दुसऱ्याकडे खेळाचे. टोमॅटोचा भाव आधी पाहिला जातो. मग बिबट्या. कुठल्या शिवारात दिसला, कुणाचे वासरू गेले, पिंजरा कुठे लावला. मग निधनवार्ता. हा क्रम ठरलेला आहे. त्यात घाई असते, कारण बाजारात गाड्या लागलेल्या असतात.

या घाईत एखादा माणूस मध्येच थांबतो. कोपऱ्यातल्या एका चौकटीवर त्याची नजर अडकते. चेहरा क्षणभर कोरा होतो. मग ओठाच्या कडेला काहीतरी हलते. तो पेपर शेजाऱ्यापुढे धरतो आणि बोट ठेवतो. बोलत काहीच नाही. चित्राकडेही आता पाहत नाही. तो शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो.

त्याला काय पाहायचे असते? शेजाऱ्याचे हसू तर आहेच. पण त्याच्या आधीचा तो कोरा क्षणही त्याला पाहायचा असतो. आपल्याला मघाशी जे झाले, ते दुसऱ्यालाही होते का, हे त्याला पाहायचे असते.

पाहणे आणि हसणे यांच्यामध्ये एक छोटी जागा आहे. श्वासाएवढी. तिथे अजून काही उलगडलेले नसते, पण उलगडण्यासारखे काही आहे हे जाणवलेले असते. विनोद कागदावर नसतो. तो या जागेत घडतो. ‘काय, कळलं का?’ असे कुणी मोठ्याने विचारले की ती जागा मोडते. म्हणून दाखवणारा गप्प राहतो. हे त्याला कुणी शिकवलेले नाही. नारायणगावच्या फडातला सोंगाड्याही ते जाणतो. बोलून झाल्यावर तो लगेच पुढचे बोलत नाही. ढोलकीही थांबते.

पेपरातला बाकीचा मजकूर ही जागा भरून टाकायच्या मागे असतो. बातमी सांगते, अग्रलेख समजावतो, जाहिरात पटवते. एका चौकटीचे चित्र मात्र अर्धेच सांगून उभे राहते. चित्रमालिकेत गोष्ट चौकटीगणिक पुढे सरकते आणि पात्रे घरची होतात. ‘चिंटू’ असाच मराठी घराघरात रुळला. ‘आवाज’च्या दिवाळी अंकातल्या खिडकीचित्रांतही निदान दोन क्षण असतात, खिडकी उघडण्याआधीचा आणि उघडल्यानंतरचा. एकट्या चौकटीला ती सोय नाही. आधी काय झाले असेल आणि आता काय होईल, ते पाहणाऱ्याने घरून आणायचे.

राजकीय चित्रांना कालची बातमी लागते. दहा वर्षांनी त्यांच्याखाली टीप द्यावी लागते. आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त रोज जे छोटे चित्र काढले, त्यातले कितीतरी मंत्री आज कुणाला ओळखू येणार नाहीत. ओळखू येतो तो चौकड्यांच्या कोटातला, धोतरातला म्हातारा. तो कधी काही बोलला नाही. सगळे बोलून गेले आणि न बोलणारा राहिला. मात्र मी आज बोलतो आहे ती चित्रे याहून आडवाटेची आहेत. त्यांत मंत्री नाही, निवडणूक नाही, काल घडलेले काहीच नाही. अशी चित्रे पेपराच्या पानावर आगंतुकासारखी येतात, आणि तीच कितीतरी वर्षांनी आठवतात.

शि. द. फडणीस यांचे एक चित्र मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना ठाऊक आहे. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला अनंत अंतरकरांच्या ‘मोहिनी’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ते आले. एक तरुणी आणि एक तरुण. तिच्या साडीवर उंदरांची नक्षी. त्याच्या शर्टावर मांजरांची. बस्स.

यात हसण्यासारखे काय आहे, असे कुणाला समजावायला गेलो तर हात रिकामे राहतात. कुणी पडलेले नाही. कुणाची फजिती नाही. कुणाच्या रूपाला, जातीला, गरिबीला हात लावलेला नाही. त्या दोघांना तर आपल्या अंगावर काय चालले आहे याचा पत्ताही नसावा. सकाळी त्याने हाताला लागला तो शर्ट घातला असेल. तिने घडीतली साडी काढली असेल. माणसे अजून एकमेकांशी बोललेली नाहीत, पण कापडांची बोलाचाली सुरू झाली आहे. हे जगात फक्त एकाला दिसते आहे, आणि तो म्हणजे चित्र पाहणारा. एवढा मोठा मान आपल्याला दिवसभरात आणखी कोण देते?

शब्द नसण्याचे मोल खेड्यात अधिक कळते. जिला अक्षर येत नाही अशी आजी आणि पदवी घेतलेला तिचा नातू, दोघे हे चित्र सारख्याच हक्काने पाहतात. कधी आजीला आधी कळते. पेपरातल्या इतर प्रत्येक ओळीपुढे तिला नातवाकडे पाहावे लागते. इथे नाही.

फडणीसांचा जन्म २९ जुलै १९२५ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा. कोल्हापूर, मग मुंबईची जे. जे. कलाशाळा, मग पुणे, असा त्यांचा प्रवास. ‘हसरी गॅलरी’ नावाने त्यांची चित्रे प्रदर्शनांतून आणि पुस्तकांतून लोकांसमोर आली. तरी मला त्यांचे सगळ्यात मोठे काम वेगळेच वाटते. बालभारतीच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठी त्यांनी चित्रे काढली.

याचा अर्थ नीट पाहायचा तर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला जावे. डिंभे धरणाच्या वर, भीमाशंकरच्या अंगाला, महादेव कोळ्यांच्या वाड्यावस्त्या आहेत. पावसाळ्यात चार महिने तिथे धुके आणि पाणी. हिरड्याच्या हंगामात घरातले सगळे हिरडा वेचायला जातात. त्या वस्त्यांवर ‘मोहिनी’ आणि ‘हंस’ ही मासिके किती पोचली असतील? दिवाळी अंक कोणाच्या घरी आला असेल? पण गणिताचे पुस्तक आले. एकशिक्षकी शाळेच्या जमिनीवर मांडी घालून बसलेल्या मुलाने ते उघडले, आणि बेरीज येण्याच्या आधी त्याला हसू आले. चित्रकाराचे नाव त्याला माहीत नव्हते. आपण एका थोर माणसाचे चित्र पाहतो आहोत, हेही नाही. गणिताची भीती मात्र थोडी सैल झाली. ती मुले आता आजोबा-आजी होऊ लागली आहेत. एखाद्या कलावंताचा वारसा कुठे आहे असे विचारले, तर आपण संग्रहालयाकडे बोट दाखवतो. या कलावंताचा वारसा पाठीवरच्या दप्तरातून डोंगर चढला.

वसंत सरवटे हे दुसरे नाव. कोल्हापूरचे, पेशाने अभियंता. पु. लं.च्या पुस्तकांतली त्यांची चित्रे आणि ‘ललित’मधला त्यांनी रेखाटलेला ‘ठणठणपाळ’ मराठी वाचक विसरणार नाही. २०१६ च्या डिसेंबरात ते गेले. स्वतः चित्रे काढता काढता त्यांनी बाहेरच्या देशांतले व्यंगचित्रकारही मराठीत आणले. ‘परकी चलन’ हे त्यांचे पुस्तक त्याच ओढीतून झाले. दुसऱ्याची रेघ इतक्या प्रेमाने समजावून सांगणारा चित्रकार विरळा. पुण्यात मंगेश तेंडुलकरांनी तर चित्र पेपरातून उचलून रस्त्यावर आणले. दिवाळीत चौकात उभे राहून, सिग्नलला थांबलेल्या लोकांच्या हातात ते वाहतुकीवरची आपली शुभेच्छापत्रे देत. हिरवा दिवा लागेपर्यंतचा वेळ एका चित्राला पुरतो, हे त्यांना माहीत होते.

परक्या चलनातले एक नाणे इथे काढून पाहावेसे वाटते, कारण ते आपल्या गोठ्याशी संबंधित आहे. अमेरिकेत गॅरी लार्सन नावाच्या चित्रकाराने १ जानेवारी १९८० पासून पंधरा वर्षे ‘द फार साइड’ या नावाने रोज एक चौकट काढली. त्याच्या चित्रांत गाई, अस्वले, कीटक, गुहेतली माणसे. सगळी आपापल्या परीने शहाणी. १९८२ च्या एका चित्रात एक गाय टेबलाजवळ उभी आहे. टेबलावर चार ओबडधोबड वस्तू. खाली एवढेच लिहिलेले, की ही गाईची हत्यारे.

लोक गोंधळले. एक वस्तू करवतीसारखी दिसत होती, मग बाकीच्या तीन कशाच्या? पत्रे आली, फोन आले. शेवटी चित्रकाराला खुलासा करावा लागला. माणसाने आदिकाळी दगडाची हत्यारे घडवली. गाईने घडवली असती तर ती याहूनही कच्ची झाली असती, एवढेच त्याच्या मनात होते. त्या वस्तूंना अर्थ नव्हता.

मी हे चित्र मनातल्या मनात आपल्याकडे आणून पाहतो. आपल्या गोठ्यातली गाय पिढ्यान्‌पिढ्या माणसाची हत्यारे पाहत आली आहे. कुळव, पाभर, खुरपे, विळा. आता ट्रॅक्टर आणि दूध काढायचे यंत्रही. तिने कधी काही घडवले असते तर? गोठ्यात वाकून धार काढणारा माणूस या प्रश्नावर पत्र लिहिणार नाही. तो ती वस्तू हातात घेईल, उलटीपालटी करील, आणि गाईकडे पाहील. लार्सनची चूक झाली असे पुष्कळांना वाटले. मला तसे वाटत नाही. त्याने पाहण्या-हसण्यामधली ती जागा जरा जास्त वेळ उघडी ठेवली. लोकांना ती सहन झाली नाही. पण चाळीस वर्षे उलटली तरी बोलले जाते ते याच चित्राबद्दल. त्याच्या आणखी एका चित्रात गुहेतला शिक्षक डायनोसॉरच्या शेपटीवरच्या काट्यांना गमतीने एक नाव देतो, थॅगोमायझर. त्या काट्यांना स्वतंत्र नाव नव्हते. जीवाश्मांच्या अभ्यासकांनी पुढे तेच उचलले आणि आज ते खरोखर वापरात आहे. रिकाम्या जागेत कधी ज्ञानही येऊन बसते.

हे सगळे वर्तमानपत्राबरोबर आले, असे आपण धरून चालतो. छपाईचे तंत्र त्याबरोबर आले, हे खरे. पण एक क्षण दाखवून गप्प बसायची कला या मातीत फार जुनी आहे. जुन्नरहून नाणेघाटाला जावे. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा शिलालेख आहे. बाहेर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो. या वाटेने कोकणातला माल वर चढून प्रतिष्ठानला जाई. त्याच सातवाहन घराण्यातल्या हालाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह आहे. प्रत्येक गाथा दोन ओळींची. एक खेडे, एक क्षण, दोन-तीन माणसे. आधीचे सांगायचे नाही, नंतरचे सांगायचे नाही.

त्यातली एक गाथा प्रसिद्ध आहे. एक बाई एका भाविक माणसाला सांगते आहे, की आता निर्धास्त फिर, तुला त्रास देणारे ते कुत्रे मेले, गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहाने त्याला मारले. झाली गाथा. माणूस कुत्र्याला भीत होता, त्याला सांगितले की कुत्रे नाही. पण झाडीत सिंह आहे, हेही सांगितले. तो आता तिकडे पाऊल टाकणार नाही. आणि तिला तेच हवे आहे, कारण त्या झाडीत तिची कुणाशी तरी भेट ठरलेली आहे. ही भेट गाथेत कुठेच नाही. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरमध्ये बसून ‘ध्वन्यालोक’ लिहिला, तेव्हा बोललेल्यातून न बोललेले कसे उमटते हे दाखवायला त्याने ही गाथा घेतली. वर ‘ये’ आहे आणि आत ‘येऊ नकोस’.

कुत्रे, झाडी, आणि झाडीत दबा धरलेले जनावर. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे चित्र जुने वाटणार नाही. झाडीच्या जागी ऊस आला आहे, सिंहाच्या जागी बिबट्या. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. धरणांचे पाणी खाली आले, ऊस वाढला, आणि उसाच्या आडोशाला बिबट्या राहू लागला, विऊ लागला. त्यात माणसे गेली आहेत, लेकरे गेली आहेत. ज्या घरातले माणूस गेले, त्या घराच्या दारात कुठलेही हास्यचित्र नेऊ नये. ती मर्यादा चित्रकाराला कळली पाहिजे. भीतीवर हसणे वेगळे आणि दुःखावर हसणे वेगळे.

पण याच उसात आणखी एक दृश्य घडते, आणि ते पाहिलेले लोक या दोन तालुक्यांत पुष्कळ आहेत. ऊसतोड चालू असताना सरीत बिबट्याची पिल्ले सापडतात. तोड थांबते. वनखात्याची माणसे येतात. पिल्ले तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि लांब जाऊन बसतात. रात्री आई येते. एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. दिवसभर जिच्या भीतीने काठ्या घेऊन उभे होते, तिचीच वाट पाहत माणसे अंधारात श्वास रोखून बसलेली. ही एक चौकट आहे. तिच्याखाली काही लिहायची गरज नाही.

अशा चौकटी इथे जागोजाग आहेत. खोडदला जावे. ४५ मीटर व्यासाच्या अवाढव्य अँटेना शेतांच्या मध्ये आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. अशा ३० अँटेना मिळून ही दुर्बीण झाली आहे, आणि ती फार दूरच्या आकाशातले रेडिओतरंग टिपते. जवळच्या माळावर मेंढ्या चरतात. मेंढपाळ हाक मारतो आणि लांबची मेंढी मान वर करते. कुणाला कुणाचे ऐकू येते आणि कुणाला कुणाचे नाही, हे एका रेघेत मांडणारा चित्रकार इथल्याच एखाद्या शाळेत आज पाचवी-सहावीत असेल. त्याच्या वहीच्या मागच्या पानावर ते असेलही.

चिंता वाटते ती त्याच्या पुढच्या वाटेची. पेपरातल्या त्या छोट्या चौकटीची जागा आकसली आहे. चित्रे आता मोबाइलवर फिरतात. फिरताना बऱ्याचदा चित्रकाराची सही कापली जाते, आणि खाली कुणीतरी चित्राचा अर्थ लिहून टाकतो, वर हसरे चेहरे चिकटवतो. हसायचे कुठे, तेही आधीच सांगितलेले. त्यामुळे चित्र पोचते पण ती जागा पोचत नाही. मला हे नुकसान खरोखरचे वाटते. रोज सकाळी एक क्षण न कळण्यात उभे राहायची सवय ज्याला आहे, तो बातमीपुढेही थोडा थांबतो, शेजाऱ्याच्या बोलण्यापुढेही थांबतो. ज्याला सगळे लगेच कळते, त्याला थांबायचे कारणच उरत नाही.

म्हणून एक विनंती आहे. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर इथून निघणाऱ्या छोट्या साप्ताहिकांनी आणि दिवाळी अंकांनी दोन रकाने एका चित्राला द्यावेत. चित्र स्थानिक मुलाचे असावे, त्याचे नाव छापावे, आणि मानधन द्यावे, मग ते कितीही थोडे असो. शाळांच्या ग्रंथालयांत फडणीसांची आणि सरवट्यांची पुस्तके कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवावीत. आणि घरी पेपर येत असेल, तर उद्या त्यातले एखादे चित्र मुलापुढे धरावे. तो विचारील, यात काय आहे? सांगू नका.